खुलासा : मालकाला तुमचा पासपोर्ट ठेवून घेण्याचा हक्क नाही

परदेशात तात्पुरत्या कामावर जाणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतो आहे : ‘कंत्राट संपेपर्यंत पासपोर्ट मालकाकडेच राहतो, तो कायदाच आहे. मधेच काम सोडलं तर तुरुंग.’ दोन्ही गोष्टी सरसकट खऱ्या मानू नका.

पासपोर्ट तो देणाऱ्या सरकारचा असतो, मालकाचा कधीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या स्थलांतरित कामगार करारातील कलम 21 नुसार कायद्याने अधिकार दिलेल्या सरकारी अधिकाऱ्याशिवाय कुणीही ओळखपत्रं जप्त करणं बेकायदा आहे. कलम 20 म्हणतं, निव्वळ कंत्राट पाळलं नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. मात्र कामगार बोलावणाऱ्या बहुतेक श्रीमंत देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, आणि व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असेल तर काम सोडल्यावर तिथे राहण्याची परवानगी जाऊ शकते. मालकाची धमकी नेमकी इथेच चालते. म्हणून आधी चौकशी, मग पाऊल.

‘सांभाळायला ठेवतो’ म्हणत रबरबँड लावलेला पासपोर्टांचा गठ्ठा ऑफिसच्या कपाटात जातो आणि किल्ली मालकाच्या खिशात. मागितल्यावर लगेच मिळत नसेल तर ते सांभाळणं नव्हे; आंतरराष्ट्रीय कामगार संघटना कागदपत्रं अडकवणं हे वेठबिगारीचं लक्षण मानते. पगार अडवणं, कर्जात जखडणं हीसुद्धा त्याच यादीत आहेत.

पासपोर्ट, व्हिसा, कंत्राट यांचे फोटो निघण्याआधीच घरच्यांकडे ठेवा. पासपोर्ट अडकला तर आपल्या देशाच्या दूतावासाला कळवा.