चाकं वेगळी घ्या म्हणे!

मॉडेल रेल्वेच्या किटच्या खोक्यावर ऐटीत ‘व्हिक्टोरियन कोळसा वॅगन, १:७६’ आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: चाकं, बेअरिंग, कपलिंग समाविष्ट नाहीत! बरं, घेतली. आता २६ मिमीचा टोकदार ॲक्सल बसवा, तर पितळी बेअरिंग पूर्ण आत जातच नाही. सोलबार, म्हणजे वॅगनीखालच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या, फाकतात, वॅगन तीन चाकांवर डुगडुगते. मग २ मिमीचं ड्रिल बोटांनीच फिरवत भोक खोल करा. जरा जास्त झालं की ॲक्सलबॉक्सच्या (ॲक्सलचं टोक बसतं त्या डबीच्या) तोंडातून पितळ डोकावतं. आणि बफर, म्हणजे टोकांना धक्के झेलणारे दट्टे? वॅगन १८८० ची, बफर मात्र स्प्रिंगवाले! अहो, तेव्हा खाजगी कोळसा वॅगनींना बहुधा लाकडी ठोकळेच असायचे. म्हणजे सोलबारच्या टोकांना प्लास्टिकार्डचे (मॉडेलसाठीच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे) चौकोनी ठोकळेही आपणच चिकटवायचे. किंमत तेवढी पूर्ण किटची!