दोन कुंड्यांत वाण वाचत नाही

गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या आणि देशी बियाणं जपणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला. शेवटचा माझ्या मावसभावाकडून, "ताई, हे तुझ्या कामाचं आहे" असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: आफ्रिकेतले गांजाचे पारंपरिक वाण, म्हणजे डर्बन, मलावी, स्वाझी, लेसोथो वगैरे, हजारो वर्षांपासून शुद्ध राहिलेले अस्सल वाण आहेत. संकरित बियाण्यामुळे ते संपत चाललेत. तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या आणि सरकारांच्या हातून काही होणार नाही. तेव्हा जगभरातल्या प्रत्येकाने बियाण्याचं पाकीट मागवून घरी दोन-चार रोपं वाढवावीत, ठेवा वाचेल. आणि आता कायदाही आड येत नाही.

यातली एक गोष्ट खरी आहे. हे वाण धोक्यात आहेत. पण त्या एका खऱ्या गोष्टीला बाकीच्या चुकीच्या गोष्टी बांधून दिल्यात, आणि बियाणं जपणारी माणसंच त्या पुढे पाठवतायत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं, कारण तिथे चूक झाली तर माणूस तुरुंगात जातो. "आता कायदा आड येत नाही" हे आपल्याकडे सरळसरळ खोटं आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याच्या कलम २० नुसार भारतात गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड केली तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "घरापुरती दोन झाडं" अशी सूट त्यात नाही. बी हे गांजाच्या व्याख्येत येत नाही, एवढ्यावर काही जण खुशाल असतात. पण ते बी रुजलं की लागवड झाली. शिवाय परदेशातून टपालाने बियाणं मागवायचं तर बाहेरून रोगकीड येऊ नये म्हणून काढलेल्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना लागतो. तेव्हा पाकीट मागवू नका. माझ्याकडेही कुणी मागू नका.

मजकुरात कायद्याचा दाखला आहे तो दक्षिण आफ्रिकेचा, आणि तोही अर्धाच. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला की, प्रौढ व्यक्तीने खासगी जागेत स्वतःपुरता गांजा वाढवणं आणि वापरणं हा गुन्हा ठरवता येणार नाही. त्यावर आधारलेल्या कायद्यावर २८ मे २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष रामफोसा यांची सही झाली. पण विक्रीला मोकळीक मिळालेली नाही. पाकीट विकणाऱ्याला हा निकाल लागूच होत नाही.

आता "हजारो वर्षं शुद्ध राहिलेले अस्सल आफ्रिकी वाण". गांजाचं झाड मुळात आफ्रिकेचं नाही, ते आशियातून तिकडे गेलं. ११० झाडांचे पूर्ण जनुकसंच तपासून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या झाडाला माणसाने प्रथम पिकवलं ती जागा पूर्व आशियात दाखवली. इथिओपियात ताना सरोवराजवळच्या एका गुहेत चिलमी सापडल्या, साधारण चौदाव्या शतकातल्या, आणि त्यांत गांजाचे अंश होते. पूर्व किनाऱ्यावर स्वाहिलीत या झाडाला 'बांगी' म्हणतात, झिम्बाब्वेत 'म्बांजे'. हे शब्द ऐकताच आपल्याला ओळखीचे वाटतात ते उगीच नाही. आपली भांगच ती, हिंदी महासागर ओलांडून गेलेली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात 'बांगे'चं वर्णन केलंय. म्हणजे ज्या समुद्री वाटांवरून मिरी आणि कापड जात होतं, त्याच वाटांवर हे झाड आणि त्याचं नाव दोन्ही फिरत होतं. पुढे १८६० पासून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीत उसाच्या मळ्यांवर भारतीय गिरमिटिये पोचले, आणि दहा वर्षांत, १८७० मध्ये, तिथल्या वसाहत सरकारला या मजुरांच्या गांजा ओढण्यावर बंदीचा कायदा करावा लागला. डर्बन हे त्याच नाताळचं बंदर.

हे सांगण्यामागे त्या वाणांना कमी लेखण्याचा हेतू नाही. उलट आहे. गावरान वाण म्हणजे कुपीत बंद केलेली शुद्ध वस्तू नव्हे. शेतकऱ्याच्या हाताखाली, एका विशिष्ट जमिनीत, पावसात आणि उंचीवर शेकडो पिढ्या बदलत राहिलेला तो एक समूह असतो. लेसोथोचं उदाहरण घ्या. त्या देशातली सगळ्यात खालची जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरएवढी. तिथल्या 'माटेक्वाने' या गांजाला हिवाळ्याच्या आत पिकून मोकळं व्हावं लागतं. मलावीच्या 'चांबा'ला, विषुववृत्तापासून १४ अंशांवर, अशी घाई नाही. त्याचा हंगाम लांब. हा फरक त्या त्या जागेने घडवलाय. शुद्धतेचं खूळ डोक्यात घेऊन बघाल तर नेमकी हीच गोष्ट दिसणार नाही.

पाकिटावरच्या नावाबद्दल थोडक्यात. 'डर्बन' हे आज जगभर विकलं जाणारं नाव आहे, आणि त्यातलं बरंचसं बियाणं उत्तरेकडच्या देशांत निवड करून करून लवकर फुलणारं केलेलं आहे. विषुववृत्ताकडची झाडं दिवस लहान झाल्यावर फुलतात. ५२ अंश उत्तरेला, ॲमस्टरडॅमसारख्या ठिकाणी, ती फुलायला लागतात तेव्हा थंडी दारात आलेली असते. मग ज्या मोजक्या झाडांना आधी फुलोरा आला त्यांचंच बी हाती लागतं. दोन-चार हंगामांत ते पीक युरोपचं होतं, नाव तेवढं आफ्रिकेचं उरतं. (जाता जाता: 'डागा' म्हणजे दक्षिण आफ्रिकेत गांजा, पण 'वाइल्ड डागा' नावाने जे विकतात ते गांजाचं झाडच नाही. आपल्याकडे माळावर उगवणाऱ्या दीपमाळेचं ते आफ्रिकेतलं नारिंगी फुलांचं भावंड आहे.)

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले: "घरी दोन-चार रोपं वाढवली की वाण वाचतो."

पपई आठवा. नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि नुसती मादी लावून बी मिळत नाही. गांजाचं बहुतांशी तसंच आहे. आता घरी वाढवणारे करतात काय? फुलात बी धरू नये म्हणून नर दिसला की उपटून टाकतात. म्हणजे त्या कुंडीतून पुढच्या पिढीला एक दाणाही जात नाही. वाण तिथेच संपतो. बाजारात 'फक्त मादी' देणारं बियाणंही मिळतं. ते मादी झाडावरच पराग तयार करायला लावून बनवतात, त्यामुळे नराचं वाय गुणसूत्र त्यात मुळातच नसतं. अर्धा वाण पाकीट भरतानाच बाहेर राहिला.

कुणी म्हणेल, आम्ही नर ठेवू. ठेवा. समजा एक नर आणि तीन माद्या आहेत. पैदासशास्त्रात अशा समूहाची 'प्रभावी संख्या', म्हणजे विविधता टिकवण्याच्या दृष्टीने तो किती झाडांएवढा ठरतो ते, काढायची रीत आहे: नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले एकूण झाडं. इथे ती येते फक्त ३. प्रत्येक पिढीत त्या समूहातली विविधता साधारण सहाव्या हिश्शाने घटते. पाच पिढ्या असंच चाललं तर मूळच्या विविधतेपैकी ४० टक्के उरते. हेच ५० नर आणि ५० माद्यांच्या शेतात पाच पिढ्यांनंतर सुमारे ९७ टक्के शाबूत असते. आणि हा हिशेब आहे हाती आलेल्या पहिल्या पाकिटापासूनचा. त्या पाकिटातले दहा दाणे कदाचित एकाच झाडाचे, म्हणजे सगळी सख्खी किंवा सावत्र भावंडं. मूळ शेताची विविधता त्यात आलीच नव्हती.

कटिंग घेऊन झाड वर्षानुवर्षं टिकवतात, तो मार्ग? त्याने एक झाड टिकतं. गावातल्या एका माणसाचा फोटो जपला म्हणून गाव जपलं असं होत नाही.

आणि मग पराग. हे झाड वाऱ्यावर परागीभवन करतं, मक्यासारखं. माझ्या स्वतःच्या मक्याचं सांगते. आईच्या माहेरून आणलेला पांढरा गावरान मका मी सहा वर्षं जपला. सातव्या वर्षी कणीस सोललं तर पांढऱ्या दाण्यांत ठिकठिकाणी पिवळे दाणे. दोन बांधांपलीकडे कुणी तरी पिवळा संकरित मका लावला होता. त्याची काही चूक नव्हती, वारा माझ्याकडे वाहत होता इतकंच. मक्यात निदान दाण्याचा रंग चुगली करतो. गांजात तसं काही नाही. बी दिसायला तसंच, आणि आत कुणाचा पराग आहे ते पुढच्या वर्षी कळणार, तेही कळलं तर. हा पराग जातो किती लांब? मोरोक्कोतल्या शेतांमधला पराग समुद्र ओलांडून दक्षिण स्पेनमध्ये मालागाच्या हवेत सापडल्याची नोंद आहे. तेव्हा शहरात बाल्कनीत, जिथे चार घरांपलीकडे दुसरा कुणी दुसरंच काही वाढवतोय, तिथे 'वाण जपला' म्हणणं धाडसाचं आहे.

घरगुती माणसाच्या हातात खरंच काही आहे का, तर आहे, जिथे कायदा परवानगी देतो तिथे. बी नीट वाळवून थंड जागी ठेवणं. बियाण्यांचा जुना ठोकताळा असा की ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. त्याहून महत्त्वाचं, ते बी कुठल्या गावातून, कुठल्या वर्षी, किती झाडांवरून घेतलं हे पाकिटावर लिहिणं. पण ही झाली साठवण. साठवलेलं बी कधी तरी शेतात परतावं लागतं, आणि शेत कुंडीएवढं नसतं.

शेवटचा दावा मला सगळ्यात जास्त खुपला: तिथले शेतकरी काही करू शकत नाहीत, म्हणून आपण करू.

हे वाण आजवर टिकवले कुणी? दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमध्ये म्पोंडोलँड आहे. उंच कडे, खोल दऱ्या, रस्ता जेमतेम. तिथल्या कुटुंबांनी, त्यांत बायका मोठ्या संख्येने, पिढ्यान् पिढ्या हे पीक मक्याच्या जोडीला घेतलं. मुलांची शाळेची फी त्यातून गेली. पोलिसांनी वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून त्या दऱ्यांवर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं. भाजीवर, मक्यावर, पाण्यावर पडलं ते पडलंच. त्या फवाऱ्याखाली ज्यांनी पुढच्या वर्षासाठी बी बाजूला काढून ठेवलं, त्यांच्याबद्दल आपण लिहायचं की त्यांच्या हातून काही होत नाही?

२०१८ च्या निकालानंतर त्यांचं जगणं सोपं झालं नाही. शहरांत लोक बंद खोल्यांत, दिव्यांखाली, परदेशी संकरित बियाण्यापासून पीक काढू लागले आणि म्पोंडोलँडच्या मालाचा भाव कोसळला. भाव पडला की शेतकरी एक तर पीक सोडतो, नाही तर तेच संकरित बी आणतो. वाण जातो तो असा. लेसोथोने २०१७ मध्ये आफ्रिकेत सर्वांत आधी वैद्यकीय गांजाचे परवाने दिले, पण औषधासाठी प्रत्येक झाडात एकसारखं रसायन लागतं, म्हणून हरितगृहांत कटिंगच्या एकसारख्या झाडांना महत्त्व येतं. विविधता हाच ज्याचा गुण, त्या माटेक्वानेला तिथे जागा मिळणं कठीण.

मग सरकारं काहीच करत नाहीत का? मोरोक्कोकडे बघा. रिफच्या डोंगरात 'बेल्दिया' नावाचा स्थानिक वाण आहे, कमी पाण्यावर येणारा. त्याला जास्त पाणी पिणाऱ्या संकरित वाणांनी मागे लोटलं होतं. २०२१ मध्ये तिथे औषधी आणि औद्योगिक वापरापुरता कायदा झाला. २०२४ पासून बेल्दियाची परवानाधारक लागवड सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजे मोहम्मद सहावे यांनी गांजाच्या लागवडीवरून खटले किंवा शिक्षा झालेल्या ४,८३१ शेतकऱ्यांना माफी दिली. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. पण वाण त्याच्या डोंगरात, त्याच्या शेतकऱ्याच्या हातात, उघडपणे उभा राहिला. जगभरच्या कुंड्यांनी मिळून हे झालं नसतं.

दक्षिण आफ्रिकेकडेही नमुना आहे, गांजाचा नाही पण त्याच मातीतला. रुइबोस चहाचं ज्ञान तिथल्या मूळ रहिवासी खोई आणि सान लोकांचं. २०१९ मध्ये उद्योगाने त्यांच्याशी करार केला की शेतावरच्या किमतीच्या दीड टक्का त्यांना द्यायचा. त्यासाठी वर्षानुवर्षं वाटाघाटी झाल्या. गांजाच्या वाणांबाबत असं काहीही उभं राहिलेलं नाही. २००४ मध्ये अमलात आलेल्या पीकवाणांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सामायिक यादीत ६४ पिकं आणि चारापिकं आहेत, गांजा त्यात नाही. त्यामुळे म्पोंडोच्या दरीतून उचललेलं बी दुसऱ्या देशात नवं नाव लावून विकलं गेलं तर त्या दरीत एक पैसाही परत येत नाही. आपण मागवलेल्या पाकिटाचे पैसेसुद्धा तिकडे जात नाहीत.

मावसभावाला मी हेच लिहिलं. त्याने विचारलं, "मग पुढे काय पाठवू?" मी म्हटलं, एवढं पाठव: दक्षिण आफ्रिकेच्या २०२४ च्या त्या कायद्याप्रमाणे म्पोंडोलँडमधल्या बाईने स्वतःपुरता वाढवलेला गांजा दुसऱ्या प्रौढ माणसाला फुकट दिला तर चालतं. तोच तिने विकला तर तो गुन्हा आहे.