‘देवाला जाते’ म्हणजे नेमकं कुठे?

काका, म्हातारपणीच्या प्रवासावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘शिकलेले म्हातारपणी जग बघायला निघतात आणि कमी शिकलेले देवाला जातात, असं लिहून तुम्ही आमच्या आयांना अडाणी ठरवलंत,’ हा तुमचा राग. ते वाक्य मी मागे घेते. मी म्हाताऱ्या माणसांना ‘प्रवासाला कशासाठी जाता?’ असं विचारलं आणि जे उत्तर मिळालं तेच खरं कारण धरलं. तिथे चुकले.

रामबागेतली माझी मामी चौथी शिकलेली. काशीला निघाली तेव्हा घरी एवढंच म्हणाली, ‘देवाला जाते.’ दुसरं काही सांगितलं असतं तर ‘या वयात कशाला?’ हे ठरलेलं. दर्शन आटोपून आम्ही नावेत बसलो. घाटाच्या भिंतीवरचं नाव एकेक अक्षर लावत तिने वाचलं, ‘अ-हि-ल्या घाट’, आणि होडी थांबवायला लावली. खाली उतरून दगडावर तळवा ठेवून उभी राहिली. विश्वनाथाचं आजचं देऊळही अहिल्याबाई होळकरांनीच 1780 मध्ये बांधून दिलं, हे मी सांगितलं. तिचा लगेच प्रश्न : ‘महेश्वरात बसून एवढ्या लांबचं काम बघितलं कसं असेल गं? हिशोब कोण ठेवत असेल?’ कुतूहल शाळेत मिळतं असं त्यानंतर कोणत्या तोंडाने म्हणू?

पण शिक्षणाने काहीच फरक पडत नाही, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. बँकेतून निवृत्त झालेली माझी शेजारीण ‘मला हंपी बघायचीय’ म्हणते आणि निघते. तिकीट स्वतः काढते, फलक वाचते, वाट चुकली तर विचारते. ‘मला’ म्हणायची ही सवय शाळेतून, नोकरीतून येते. पेन्शनही त्याच वाटेने येते, म्हणून पैसा आणि शिक्षण वेगळं काढणं अवघड. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत, पुरुषांना 40 आणि बायकांना 50 टक्के, मार्च 2020 मध्ये बंद झाली. त्याची झळ पेन्शन नसलेल्यांनाच जास्त लागली.

आणि आपल्या मध्य प्रदेशातली तीर्थदर्शन योजना बघा. 2012 पासून, आयकर न भरणाऱ्या साठीपुढच्यांना सरकारी खर्चाने नेतात, पण तीर्थांनाच. फुकटची गाडी रामेश्वरलाच जात असेल तर माणूस रामेश्वरलाच जाणार. मग आपण लिहायचं, ‘हेतू : धार्मिक’. मीही तेच लिहिलं होतं.

पुढच्या महिन्यात मामीला महेश्वरला नेतेय. तिला वाडा बघायचाय, बाई कुठे बसून कारभार करायच्या ती जागा बघायचीय. घरी काय सांगू विचारलं, तर म्हणाली, ‘नर्मदास्नान सांग.’