तानपुरा की पंखा?

माझ्या न्यूजर्सीच्या शिष्येनं दीड वर्ष माझ्याकडे गाणं शिकल्यावर एका रविवारी फार संकोचानं विचारलं, "गुरुजी, रागवू नका, पण तुम्ही तानपुरा का नाही लावत?"

त्या क्षणी तानपुरा माझ्या मांडीवर होता. मधलं बोट पंचमाच्या तारेवर होतं. खोली अशी घुमत होती की फडताळातल्या बश्यासुद्धा बारीक किणकिणत होत्या.

हा तानपुरा मिरजेचा, माझ्या गुरुजींच्या घरून माझ्याकडे आलेला. मिरजेच्या तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी त्याला मोगऱ्याचा गजरा घातला होता. (त्यावर सौ. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.) तो लावायला रोज वीस मिनिटं जातात. खुंट्या पिळायच्या, मणी सरकवायचे, मग घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे. त्या दोऱ्याला आमच्यात 'जीव' म्हणतात. तो बरोबर जागी बसला की जवारी उघडते, म्हणजे तार भरून घुमायला लागते, आणि खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा लावलेल्या, तारेतून गांधार, म्हणजे ग, बोलायला लागतो. तो कुणी वाजवत नाही, आपला आपण येतो. पहिल्यांदा तो ऐकू यायला मला दोन वर्षं लागली होती.

"अगं, लावलाय की!" असं म्हणून मी फोन उचलला आणि थेट तानपुऱ्याच्या भोपळ्याला टेकवला. "आता?"

"आता तुम्हीही ऐकू येत नाही, गुरुजी."

नशिबानं त्या आठवड्यात भाचा बंगळुरूहून आला होता. सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे घरातला मिक्सर बिघडला तरी आम्ही त्यालाच फोन करतो. त्यानं फोन हातात घेतला, दोनदा बोट फिरवलं आणि हसायला लागला. "मामा, हे ॲप नॉइज काढून टाकतं. जो आवाज न बदलता सारखा चालू राहतो, पंखा, कूलर, एसी, तो गोंगाट समजून ते गाळतं. माणसाचं बोलणं सारखं बदलतं ना, ते तेवढं ठेवतं. तुझा तानपुरा त्याला पंखा वाटतोय."

तो हे शांतपणे सांगत होता. मी खाटेवर बसलो. जे न बदलता सारखं चालू राहतं त्याच्याच आधारानं मी चाळीस वर्षं गातोय.

बरं, गाळायचं तर सगळं गाळा. आमचं घर ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातल्या एका गल्लीत. बरोब्बर सव्वासातला खिडकीखालून ठेलेवाला जातो: "लौकी ले लोऽऽ, तोरई, टिंडेऽऽ!" आवाज खणखणीत, शेवटच्या टिंड्यावर तर चक्क घसीट. पण तो पडला माणसाचा आवाज, आणि सारखा बदलणारा. त्यामुळे ॲप त्याला सन्मानानं न्यूजर्सीला पोचवतं. म्हणजे दीड वर्ष माझ्या शिष्येनं ग्वाल्हेरहून तानपुरा वजा केलेले गुरुजी आणि अधिक दुधी-दोडका असं गाणं ऐकलं होतं. तिला भाज्यांची नावं पाठ होती.

तुम्ही म्हणाल, या वयात हा उद्योग सांगितलाय कुणी? सांगितला कुणी नाही, पण आमच्या बाहेरच्या खोलीत एकेकाळी सात सतरंज्या पडायच्या, आता दोन पडतात. मराठी पोरं बारावी झाली की पुण्याला नाहीतर बंगळुरूला जातात, तिथून आणखी लांब. शिष्य उडाले, मग गुरूनं फोनवर बसायचं नाही तर काय? रविवारी सकाळी सातला मी आंघोळ करून बसतो, तेव्हा न्यूजर्सीत शनिवारचे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. नोव्हेंबरात अमेरिका आपलं घड्याळ तासभर मागे घेते. ते मला कुणी कळवत नाही. शिष्या आठ वाजता उगवते आणि आठच्या पुणेकर विद्यार्थ्याच्या यमनात पाय देते.

तर भाच्यानं सेटिंगच्या पोटात सेटिंग, त्याच्याही पोटात सेटिंग शोधलं. तिथे 'ओरिजिनल साउंड' नावाचं एक बटण निघालं. खास गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी! म्हणजे त्यांना आमचं दुःख ठाऊक होतं, फक्त ते तीन दारांआड ठेवलं होतं. बटण दाबलं. "अय्या, गुरुजी! तानपुरा!" तिकडून आलेला तो आवाज ऐकून मला भरून आलं.

ते भरून येणं दहा मिनिटं टिकलं. मूळ आवाज म्हणजे सगळाच मूळ आवाज. त्यात शेजारच्यांची किक मारूनही चालू न होणारी स्कूटर आली, आमचा कुकर आला, देवळातली घंटा आली. आणि स्वयंपाकघराच्या दारात सौ. दूधवाल्याशी बोलत होती, तेही आलं: "भैया, इस महीने जरा रुको. इनकी अमेरिकावाली ने दो महीने से फीस नहीं भेजी."

न्यूजर्सीत शांतता. त्या रात्रीच, म्हणजे आमच्या सकाळीच, फी आली. सोबत तीन वेळा 'सॉरी गुरुजी'. सौ.चं मत पडलं की बटण चालू ठेवावं. मी लाजेनं बंद केलं आणि तानपुरा पुन्हा पंखा झाला.

जाता जाता भाच्यानं फोनमध्ये सूर मोजायचं एक ॲप टाकून दिलं. आपण गायचं, ते काटा दाखवतं. हिरवा म्हणजे सुरात, लाल म्हणजे बेसूर. मी षड्ज लावला, हिरवा. पंचम लावला, काटा जरा चुळबुळला, पण हिरवा. मग गांधार लावला. लाल! पुन्हा लावला. लाल! 'चौदा सेंट कमी.' ज्या गांधारासाठी गुरुजींनी मला तीन वर्षं रडवलं, तो या काट्यानं अर्ध्या मिनिटात नापास केला. भानगड साधी आहे. सप्तकाचे बाराशे बारीक भाग, म्हणजे सेंट, धरून त्यांनी बारा स्वरांना शंभर-शंभर सारखे वाटून दिलेत, वारसाहक्कानं जमीन वाटतात तसे. त्या वाटणीत गांधार ४०० वर येतो, आणि तारेतून आपोआप निघणारा गांधार असतो ३८६ वर. म्हणजे चूक माझी नसून निसर्गाची आहे, पण निसर्गाला लाल काटा दाखवणार कोण? पेटीचंही हेच. १९४० साली आकाशवाणीनं तिला जे बाहेर काढलं ते तीसेक वर्षं, आणि त्या भांडणात हा गांधारही होताच. मी हे सगळं भाच्याला रंगवून सांगितलं. तो म्हणाला, "मामा, ॲप अनइन्स्टॉल करू का?"

लयीची कथा तर बोलू नये. मी बोललेलं शिष्येला आणि तिनं म्हटलेलं मला येईपर्यंत मिळून अर्धा सेकंद जातो. गप्पा मारायला अर्धा सेकंद काहीच नाही. पण त्रिताल मध्यलयीत, मिनिटाला एकशेवीस मात्रा धरा, अर्धा सेकंद म्हणजे पुरी एक मात्रा. मी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, मान टाकतो, तिची सम माझ्या दुसऱ्या मात्रेवर येते. आठवडाभर मला वाटत होतं मुलगी लयीला कच्ची आहे. मग मीच अक्कल चालवून तिला सांगितलं, एक मात्रा आधी उचल. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे नवं इंटरनेट आलं. आता ती माझ्याआधी समेवर पोचते आणि वाट बघत थांबते.

पण माझ्या कारकिर्दीतला खरा अपमान झाला तो स्वरलिपीत. माझं अक्षर मुलांना लागत नाही, म्हणून मी कॉम्प्युटरवर टाइप करायला शिकलो. एका बोटानं. रात्री जागून भूप रागाची सरगम टाइप केली: सारेगप, धसांधप, गरेसा. भूपात सगळे स्वर शुद्ध, त्यामुळे कुठे रेघा नाहीत, टिंबं मोजकी. पडद्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला. आठ दिवसांनी ती समोर बसली. चेहरा ओढलेला.

"गुरुजी, कोमल रे, कोमल ग, कोमल ध जमले. पण..."

"कोमल?"

"पण कोमल सा आणि कोमल प कसे लावायचे? मी आठ दिवस करून बघतेय. सा खाली नेला की तो नी होतोय."

मी चष्मा पुसून तो फोटो पाहिला. संगीतशास्त्री भातखंड्यांच्या स्वरलिपीत कोमल, म्हणजे जरा उतरवलेल्या, स्वराखाली आडवी रेघ देतात. आणि कॉम्प्युटरनं 'सारेगप' हा शब्द कुठल्याच भाषेत नसल्याचं मानून त्याच्याखाली, 'धसांधप'च्या खाली, सगळ्या पानभर, शुद्धलेखनाची लाल नागमोडी रेघ ओढून ठेवली होती.

"अगं, षड्ज आणि पंचम अचल. ते कधी कोमल होतात का?"

"मला वाटलं, ग्वाल्हेर घराण्यात होत असतील."

इथे मी थोडा वेळ कॅमेरा बंद केला. ज्या गावात १९१८ साली माधवराव महाराज शिंद्यांनी भातखंड्यांना हाताशी धरून संगीत विद्यालय काढलं, त्या गावातून मी कोमल षड्ज निर्यात केला होता. कॅमेरा चालू करून म्हटलं, बरं, जे बसवलंस ते गा. तिनं सा आणि प नाइलाजानं जागच्या जागी ठेवले आणि बाकीचे तिन्ही कोमल लावून गायली. ऐकता ऐकता मी सावरून बसलो. ती भूपाल तोडी होती, बऱ्यापैकी शुद्ध. तिच्याकडे रात्र म्हणून मी भूप पाठवला होता, माझ्याकडे सकाळ म्हणून तिनं सकाळचा राग परत केला. वेळ दोघांनीही पाळली होती.

पुणेकराचं थोडक्यात सांगतो. मी त्याला विलंबित ख्याल आवाजी निरोपात गाऊन पाठवतो, तो ते दुप्पट वेगानं ऐकतो. "गुरुजी, वेळ वाचतो." मी म्हटलं, तालमीत आम्हीही दुगुन करतो, पण मूळ लय आधी पोटात घेऊन. त्यानं अंगठा पाठवला. वर्गात त्याचा कॅमेराही बंदच असतो. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू-हस्सू खाँनी बडे मोहम्मद खाँची तान पडद्याआड लपून ऐकली आणि उचलली, अशी कथा आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. हाही पडद्याआडच असतो. मधूनच चमचा बशीवर वाजतो. पोहे असावेत.

गेल्या रविवारी तानपुरा लावताना खर्जाची तार तुटली. चापट मारल्यासारखा आवाज झाला. घरात दुसरी पितळी तार नाही, सराफा बाजाराकडची दुकानं सकाळी सातला कुठून उघडी असणार? सात वाजले, ती समोर आली. मी म्हटलं, "बाळ, माफ कर, आज तानपुऱ्याशिवायच घ्यावं लागणार, तार गेली."

"असू दे हो गुरुजी, मला काहीच फरक वाटत नाहीये."

आम्ही भूपच घेतला. सव्वासात झाले. "लौकी ले लोऽऽ, तोरई..." आणि टिंड्यावर येण्याआधीच आवाज थांबला. खिडकीखाली ठेल्याची चाकं थांबली.

"मास्साब," खालून हाक आली, "आज तंबूरा नहीं बजा? सब ठीक तो है?"

न्यूजर्सीपर्यंत अगदी स्वच्छ ऐकू गेलं असणार. "गुरुजी, ते काका काय विचारतायत?" ती म्हणाली.

मी तिला दोन मिनिटं पलटे घोटायला सांगितले आणि पायात चपला सरकवल्या. परत आलो तेव्हा सौ. दारातच उभी.

"अहो, दोन किलो दुधी? आपण दोघं. आणि तुम्हाला तर दुधी बघवतसुद्धा नाही."

भाव केला नव्हता, तेही तिच्या लक्षात आलंच असणार. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि तारेविना आडव्या पडलेल्या तानपुऱ्याच्या भोपळ्याकडे बोट दाखवलं.

"असू दे," मी म्हटलं. "घराण्यातला आहे."