काठावरचे सल्लागार

‘‘हे काय, कानातलं पडलं होतं का कुणाचं?’’

तळ्याकाठी एका गृहस्थांनी माझ्या ल्यूरकडे बघून विचारलेला हा प्रश्न. राग अजून उतरलेला नाही.

ल्यूर म्हणजे माशाला फसवणारं खोटं आमिष. माझं म्हणजे दीड ग्रॅमचा स्पून, चमच्यासारखी चकचकीत धातूची पट्टी. ब्लूगिल, क्रॅपी, पर्च असल्या तव्यात मावणाऱ्या माशांना एक ते साडेतीन ग्रॅमचाच लागतो, कारण ब्लूगिलचं तोंड शर्टाच्या बटणाएवढं. त्यात मोठा स्पून कुठे शिरणार? पाणी नितळ असेल तर चंदेरी, गढूळ असेल तर सोनेरी किंवा तांब्याचा. एवढं सांगून मी पाठ फिरवली. गृहस्थांच्या हातात ना रॉड, ना जाळं, फक्त थर्मास. म्हणजे त्यांना भरपूर वेळ होता.

‘‘तंगूस फार बारीक आहे. तुटेल.’’

‘‘दोन किलो ताण घेतं. मासा पाव किलोचा.’’

‘‘आणि मोठा लागला तर?’’

‘‘रिळाचा ड्रॅग, म्हणजे ब्रेक, सैल ठेवलाय. मासा ओढेल तसं तंगूस सुटतं.’’

‘‘मग घट्ट करा की!’’

क्रॅपीच्या ओठांची कातडी इतकी पातळ असते की हिसका बसला की गळ फाडून बाहेर येतो. हे मी सांगेपर्यंत त्यांनी चहा ओतून घेतला होता.

‘‘अहो, जोरात ओढा. मरगळलाय तो.’’

मरगळलेलाच हवा! सावकाश ओढला तर स्पून डावी-उजवीकडे डुलतो. घाई केली की गरागरा फिरतो आणि तंगूसला पीळ बसतो. म्हणून पुढे बारीक स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, आणि स्नॅप, म्हणजे उघडझाप करणारी कडी, लावायची. गाठ थेट स्पूनला आवळली तर डुलणंच बंद.

या स्पूनचं पेटंट ज्युलिओ ब्यूएल नावाच्या अमेरिकन माणसाने १८५२ साली घेतलं. होडीत जेवताना त्याचा चमचा पाण्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, अशी दंतकथा आहे. दंतकथेत काठावर थर्मासवाला कुणी नव्हता, म्हणून शोध लागला.

कारखानदारांबद्दलही बोलायलाच हवं. एवढ्याशा पट्टीला ते तीन काट्यांचा भलामोठा गळ लटकवतात. त्या ओझ्याने स्पून डुलत नाही, वर शेवाळाचा हार घेऊन येतो. पैसे मोजून आणायचा, मग स्प्लिट रिंग, म्हणजे गळ अडकवलेली किल्लीच्या कडीसारखी कडी, तिच्या खास पक्कडीने उघडून गळ काढून दहा नंबरचा एकेरी बसवायचा. हे काम गिऱ्हाइकाने का करायचं? गळाला एखादी बारीक अळी टोचावी, पण एकच. जास्त भरल्या की पुन्हा डुलणं मेलं.

‘‘तळाशी सोडा, मासे तळाशीच असतात!’’

पर्चच्या बाबतीत बऱ्याचदा खरं. क्रॅपीचे डोळे मात्र वरच्या बाजूला वळलेले. तो बहुधा वरचं खातो, खालच्याकडे फारसं बघत नाही. म्हणून स्पून त्याच्या थोडा वरच थांबवायचा, वीतभर उचलायचा आणि पडू द्यायचा. मासा धरतो तो बहुधा पडतानाच, आणि हाताला झटका बसत नाही. तंगूस नुसतं बाजूला सरकतं. नजर तिथेच हवी. नेमकं ते सरकलं तेव्हा गृहस्थांनी माझ्या नाकासमोर थर्मासचं झाकण धरलं. ‘‘चहा?’’

मासा गेला.

‘‘बघा! तरी मी म्हणत होतो, तंगूस बारीक आहे.’’

उद्या ते मेव्हण्याला घेऊन येणार आहेत. त्याला म्हणे यातलं सगळं कळतं.