एरर ६७८

नेट तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून, नंबर फिरवून ‘लावावं’ लागे. विरजण लावतात तसं, आणि लागेल की नाही याची खात्रीही विरजणाइतकीच. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांना खुलं केलं, १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्या उतरल्या आणि मग शंभर तासांचं पाकीट दुकानात साबणवडीसारखं मिळू लागलं. आत एक फोन नंबर, एक युजरनेम, एक पासवर्ड. सहनशक्ती ज्याची त्याने आणायची.

पाकिटावर ‘५६ के’ लिहिलेलं असे. ते किलोबिट. आठाने भागलं की सात किलोबाइट, तेही कागदावर. आपल्या तारेवर सेकंदाला चार मिळाले तरी पेढे वाटावेत. म्हणजे चार एमबीचं गाणं उतरायला सतरा मिनिटं. काही भाग्यवंतांच्या स्क्रीनवर ‘१,१५,२०० बीपीएस’ (सेकंदाला एवढे बिट) झळके आणि ते सोसायटीभर सांगत फिरत. तो वेग कॉम्प्युटर ते मोडेम, म्हणजे त्याचं बोलणं टेलिफोनच्या तारेवर घालणारी डबी, एवढ्या हातभर केबलचा! मोडेम चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, चुकीचा पडला की तोच आकडा दिसे. खरा आकडा ४९,३३३ किंवा ४५,३३३ असा तुटका असे.

नेट लागलं नाही की कंपनीच्या नावाने बोटं मोडण्याआधी स्क्रीनवरचा एरर नंबर वाचावा, असं माझं तेव्हा मत होतं. त्या दिवसांत बसूनच सांगतो. मग बोटं नेमकी मोडता येतात. ६८० म्हणजे डायलटोन नाही. कधी पिन ढिली असते, कधी कुणी फोनवर असतं. पण पुष्कळदा टोन चांगला घणघणीत असतो आणि मोडेमलाच आपला देशी टोन कळत नाही. मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘वेट फॉर डायल टोन’पुढची खूण काढली की बिचारा न ऐकताच नंबर फिरवतो. टेलिफोन एक्स्चेंज जुनं असेल तर टोनचं पल्स करायचं; मग तो टकटक करत फिरवतो, शून्याला चांगल्या दहा टकटका.

६७६ म्हणजे एंगेज. दहा-बारा गिऱ्हाइकांमागे एक मोडेम ठेवायचा हा तेव्हा या धंद्याचा ठोकताळा, आणि रात्रीची जेवणं उरकली की दहाही जण एकदम बसत. पहाटे पाचला पहिल्या फटक्यात लागे. अभ्यासाला कधी न उठलेली मुलं त्यामुळे ब्राह्ममुहूर्तावर उठू लागली.

६७८ मात्र खरा छळवादी. ‘पलीकडून उत्तर नाही.’ कंपनीकडे एका नंबरामागे मोडेमांची रांग असते. एक भरला की कॉल पुढच्यावर जातो. त्यातला एक मेलेला असला की तो कधीच भरत नाही. बाकीचे सगळे अडकलेले, मोकळा तेवढा हा. तुम्ही दहा वेळा फिरवा, दहाही वेळा त्याच्याच दारात. कधी पलीकडचा मोडेम उचलतोही, किंचाळतो, आपला मोडेम उलट किंचाळतो, मग दोघांची खरखर चालते, कुठला वेग झेपेल याची घासाघीस. आणि बोलणी फिसकटतात. पण उचलला म्हणजे कॉल झाला, टेलिफोनचं मीटर पडलं. लग्न मोडलं तरी हॉलचं भाडं द्यायचंच.

६९१ आला की आधी कॅप्स लॉक बघा. तो बंद असेल तर भानगड वेगळी. मघाशी लाइन तुटली ते तुम्हाला कळलं, कंपनीच्या सर्व्हरला कळलेलं नाही. त्याच्या लेखी तुम्ही अजून आतच आहात, आणि एका नावावर दोघांना प्रवेश नाही. तुमच्याच घरात तुम्ही असल्यामुळे तुम्हाला दार उघडत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एखाद्या कंपनीत तेवढा वेळ शंभर तासांतून कापलाही जाई.

तक्रार करायची तर कस्टमर केअर. तिथला मुलगा गोड आवाजात म्हणतो, “सर, आता कनेक्ट करून एरर वाचून दाखवा.” लाइन एकच, तिच्यावर तो. फोन ठेवल्याशिवाय कनेक्ट होत नाही, कनेक्ट केल्यावर त्याला वाचून दाखवता येत नाही. मग तो सुचवतो, “ईमेल टाका ना सर.”

पावसाळ्यात तो मुलगा निर्दोषही असतो. खांबावरच्या डीपीतला, म्हणजे तारा वाटून देणाऱ्या पेटीतला जोड लाइनमनने चिमटीने पिळलेला. ओल लागली की हिरवा पडतो आणि फोनवर भजी तळल्याचा आवाज येतो. माणसाला त्यातून बोलता येतं, मोडेमला नाही. विजा चमकायला लागल्या की तार उपटून ठेवा, नाहीतर मोडेम जळतो.

कॉल वेटिंगच्या टुकटुकीने तुटत असेल तर एक इलाज आहे. आवाज हरवल्यावर किती थांबायचं, हे मोडेमच्या एस-दहा नावाच्या खणात असतं, सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत. बहुतेकांत १४, म्हणजे दीड सेकंदही नाही. एक्स्ट्रा सेटिंगमध्ये ‘एस१०=१००’ लिहा, दहा सेकंद कळ काढतो.

बैठकीतल्या, त्याच लाइनवरच्या पॅरलल फोनवर मात्र इलाज नाही. गाण्याचं सोळावं मिनिट चालू असतं, तिकडे रिसीव्हर उचलला जातो. “अगंबाई, हा फोन काय शिट्ट्या मारतोय?”

एरर ६२९. लाइन तुटली.