गरब्यात कोसळण्याची पूर्वतयारी

तमाम बडोदेकर खेळैयांसाठी, पुढच्या नवरात्रात उपयोगी पडावं म्हणून.

उपास असेल तर उत्तमच. दिवसभर एक केळं आणि चार चहा, संध्याकाळी तासभर मेकअप आणि तडक मैदान. पाणी शक्यतो पिऊच नका, म्हणजे चणियाचोळी सावरत जायचं कुठे हा प्रश्नच उरत नाही.

वर्षभर पहिल्या मजल्यावरही लिफ्टने गेलात? मग पहिल्याच रात्री दोढियुं, म्हणजे गरब्यातला दमछाक करणारा प्रकार, धरा.

जागा स्पीकरसमोरचीच पकडा. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, असले हिशेब कानाच्या डॉक्टरांना करू द्या. आपल्याला बारापर्यंत सूट आहे. कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत म्हणे. डोक्यावरचे तरी कुठे येतात?

छातीत कळ आली तर ॲसिडिटी म्हणा आणि सोडा प्या. आमच्या भाच्याने अष्टमीला हेच केलं. दांडिया बाजारातलं सव्वीस वर्षांचं धडधाकट पोर, डावा हात चोळत मटकन खाली बसलं. खेळणारे त्याला वळसा घालून पुढे गेले. एकाने ताल न चुकवता मोबाईल काढला. मी स्वयंसेवकाकडे धावले, तर तो म्हणतो, "मासी, पास क्यां छे?" ॲम्ब्युलन्स होती हो! गेटपाशी, समोर ॲक्टिवांच्या तीन रांगा, ड्रायव्हर गरबा बघायला गेलेला. स्टेजवरून तेवढ्यात फर्मान, "हाथ ऊपर!" पोराच्या ईसीजीत काही निघालं नाही, अंगातलं पाणी संपलं होतं. नशीब त्याचं, आयोजकांनो, तुमची व्यवस्था नव्हे.

हसताय काय? २०२३च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना तरणी पोरं गेली, विसरलात? हजारो पास विकता, तर हृदयाला विजेचा झटका देऊन ठोका ताळ्यावर आणणारं एक एईडी यंत्र आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, येणारी दोन माणसं ठेवायला काय होतं? मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे असतात, तो ठेका तुमचा ढोलवाला झोपेतही धरेल. आणि खेळणाऱ्यांनो, माणूस पडला की थांबायचं. शूटिंग नाही करायचं, थांबायचं! गेटसमोरच्या त्या ॲक्टिवा आधी हलवा.